आर्डिसला भीती घालता येईना

लिंडेन रिजमधले शेजारी आर्डिस क्वाम्मेविषयी दोन गोष्टी सांगत. पहिली अशी, की तिच्या नाकाला फसवील असे चीज विस्कॉन्सिनात अजून तयार व्हायचे आहे. दुसरी अशी, की रविवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात काय चालते ते तिला कधी विचारू नये. विचारले तर ती सांगते.

ते सांगणे तासभर चाले. ऐकणारा 'छान, छान' म्हणत बाहेर पडे आणि गाडीत बसल्यावर बायकोला विचारी, "म्हणजे हे लोक पत्ते खेळतात की नाटक बसवतात?"

"मला वाटतं बायबलचा अभ्यास असावा," बायको म्हणे. "राक्षस बरेच होते."

यातले काहीच नव्हते. आर्डिस एक गोष्ट सांगे. डोंगर, भुयार, ओसाड किल्ला असे काही तरी तीत असे, आणि आम्ही तिघे त्या गोष्टीतली माणसे होऊन आता काय करायचे ते बोलत असू. केलेले साधले की फसले, हे फासा ठरवी. शत्रूंचे फासे आर्डिस स्वतः टाकी, समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आड, आणि आकडा मोठ्याने सांगे. मर्ल होगन हा पंचेचाळीस गायींचा धनी गोष्टीत कुऱ्हाडवाला बुटका योद्धा होता. लव्हॉन ऑस्टबी, आर्डिसची शाळेपासूनची मैत्रीण, मंत्राने जखमा बऱ्या करणारी वैदीण होती. मी चोर होतो. आणि शाळेत भूगोल शिकवीत असल्यामुळे भुयारांचे नकाशे काढण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले होते.

हा खेळ आर्डिसच्या घरी आला तोही नकळत. एका मोडलेल्या शेतघराच्या लिलावात तिने लोणच्याच्या बरण्यांचे खोके उचलले. बरण्यांच्या तळाशी नियमांचे एक पुस्तक आणि सहा रंगीत फासे निघाले. तिने ते पुस्तक पाककृतीचे असावे तसे वाचले. पहिल्यांदा पुस्तकाबरहुकूम, दुसऱ्यांदा आपल्या हाताच्या अंदाजाने. तेव्हापासून सहा वर्षे आम्ही दोन वाजता तिच्या टेबलाशी बसत होतो आणि चार वाजता मर्लच्या गायींच्या धारांसाठी उठत होतो.

पोटासाठी ती गावच्या कारखान्यात चीज पारखी. धान्याच्या पोत्यात खुपसतात तशी एक पोकळ सळई ती चीजच्या मोठ्या गोल चक्रात घाली, फिरवून बाहेर ओढी, आलेला लांबुळका तुकडा नाकाखाली धरी आणि चिमूटभर काढून घेऊन बाकीचा पुन्हा त्याच भोकात बसवून बोटाने लिंपून टाकी. चांगले किंवा वाईट हे शब्द ती वापरत नसे. 'कडवट', 'आंबूस', 'गोठ्याचा वास', 'सपक', जो दोष असेल त्याचे नाव घेई आणि पुढच्या चक्राकडे वळे. आमच्या गावात इतके उघड बोलण्याची मुभा फक्त चीजच्या बाबतीत होती. माणसांच्या बाबतीत कुणी ताकास तूर लागू देत नसे. एखादी गोष्ट अजिबात आवडली नाही, तर फार तर म्हणत, "वेगळंच आहे हो." याहून कठोर बोललेले मी तरी ऐकलेले नाही.

सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात एका रविवारी, कॉफीचे कप विसळता विसळता लव्हॉन म्हणाली, "या हिवाळ्यात मी जरा घरीच बसेन म्हणते."

"हो, हो," आम्ही तिघेही एकदम म्हणालो. "रस्ते वाईट होतात."

लव्हॉनचे घर तीन घरे सोडून होते.

ती गेल्यावर आर्डिस बराच वेळ ओल्या फडक्याने कोरडे टेबल पुसत राहिली. लव्हॉनचा नवरा हार्लन याची स्मृती दोन वर्षांपासून ढासळत चालली होती. तो घरीच असे. रविवारी दुपारी त्याची बहीण येऊन दोन तास त्याच्याजवळ बसे, आणि आठवड्यातले तेवढेच दोन तास लव्हॉन उंबऱ्याबाहेर पडे. ते दोन तासही तिने सोडले, तर ती त्या घरात बुडून जाईल, हे आर्डिसला दिसत होते. ती का सोडते आहे, ते मात्र दिसत नव्हते. आणि विचारायचे कसे? गावात कुणी विचारले नसते.

"खेळ सपक झालाय," शेवटी तिने निदान केले. "दोन वर्षं तुम्ही नुसते जिंकताय. मर्ल, तू गेल्या खेपेला राक्षस मारताना जांभई दिलीस."

"पहाटे साडेचारला उठतो मी."

"पूर्वीही उठायचास."

त्या उन्हाळ्यात मिलवॉकीला अशा खेळांचा मोठा मेळा भरला होता, तिथे ती एका अनोळखी टेबलाशी बसून आली होती. त्या टेबलावरची गोष्ट भुताटकीची होती. ऐकता ऐकता एका मुलीने पाय खुर्चीवर वर घेतले होते. एका दाढीवाल्या गृहस्थाने शेजाऱ्याचा हात धरला होता आणि खेळ संपल्यावर तो पुढच्या वर्षीची जागा राखून ठेवायला धावला होता. आर्डिसने त्यावरून आडाखा बांधला: भ्यालेली माणसे पुन्हा येतात. तिने लव्हॉनला फोन केला आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत ये, मग तुझे तू ठरव, असे सांगितले. लव्हॉन म्हणाली, "बरं, तेवढं येते." म्हणजे हातात चार रविवार होते.

पहिल्या रविवारी तिने रक्त वापरले. आम्ही एका गढीत शिरलो आणि आर्डिसने आवाज खोल नेऊन आढ्याला टांगलेल्या, सोललेल्या देहांचे वर्णन सुरू केले.

"मागचे पाय वर की पुढचे?" मर्लने विचारले. त्याने परवाच दोन डुकरे कापली होती.

"मर्ल, ती माणसं आहेत."

"तरी पण. पाय वर असतील तर रक्त नीट निथळतं."

"जागा थंड आहे ना?" लव्हॉनने काळजीने विचारले. "मग टिकेल."

दुसऱ्या रविवारी आर्डिसने भर दुपारी पडदे ओढले, दिवा घालवला आणि एकच मेणबत्ती लावली. ती पहिले वाक्य बोलणार, इतक्यात मर्ल उठला. "फ्यूज गेला वाटतं," म्हणत तो तळघरात उतरला, आणि आम्हाला दहा मिनिटे थांबावे लागले. वर आल्यावर त्याने फ्यूज ठीक असल्याचे सांगितले आणि जाता जाता पाण्याच्या नळीची गळती थांबवल्याचेही सांगितले. मग आर्डिसने घशातून प्रेताचा आवाज काढला. लव्हॉनने पर्स उघडून खोकल्याची गोळी तिच्याकडे सरकवली.

निघताना दारात लव्हॉन म्हणाली, "आजचं वेगळंच होतं हो."

त्या आठवड्यात आर्डिसने मला पोस्टाबाहेर गाठले. "खरं सांग, ती घाबरली का?"

"तिने तुला गोळी दिली, आर्डिस."

"तेच विचारतेय. गोळी घाबरून दिली की काळजीने?"

"मला वाटतं, खोकल्यासाठी दिली."

ती माझ्याकडे पाहत राहिली. चीजच्या पोटात काय आहे ते सळई घालून कळते, पण माणसाच्या बाबतीत असे काहीच हाताशी नव्हते.

तिसरा रविवार तिने कसा योजला हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला शंका आहे, की तिने काहीच योजले नव्हते. ती थकली होती आणि सुचेल ते सांगत होती. आम्ही धुक्यातल्या एका लहान गावात पोचलो. रक्त नाही, अंधार नाही. एका यजमानीणबाईने आम्हाला घरात घेतले, कॉफी दिली आणि खजुराच्या वड्यांची ताटली पुढे केली. हे सगळे इतके ओळखीचे होते, की आम्ही सैल झालो.

"ताटलीत एक वडी उरलीय," आर्डिस म्हणाली.

आमच्याकडे शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. त्याचा अर्धा घेतात, मग उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा कण कागदात गुंडाळून ठेवला जातो. "मी अर्धी घेतो," मर्ल सवयीने म्हणाला. मी पाव घेतली. लव्हॉन म्हणाली, "मला पुरे. राहू दे."

"तुम्ही खिडकीकडे बघता," आर्डिस म्हणाली. "परत वळता. ताटली रिकामी आहे."



"तो तुकडा कोणी घेतला?" मर्लने विचारले.

"कोणीच नाही. बाई हसून विचारते, आणखी कॉफी?"

"नाही, पण कोणी तरी घेतलाच असेल ना! शेवटचा तुकडा? अख्खा? न विचारता?" मर्लने तळहात विजारीला पुसले. टेबलावर आर्डिसने खरोखरच केलेल्या वड्यांची ताटली होती आणि तिच्यात एकच वडी उरलेली होती. आम्ही चौघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिले. लव्हॉनने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

त्या दिवशी मर्लच्या गायींच्या धारा दहा मिनिटे उशिरा निघाल्या. हे यापूर्वी एकदाच घडले होते, त्याच्या आईच्या अंत्यविधीला.

चौथ्या रविवारी आम्ही त्याच घरात मुक्कामाला होतो. पहिल्या सकाळी टेबलावर सहा कप मांडलेले होते: आमचे तीन, यजमानीणबाईचा, तिच्या नवऱ्याचा आणि सासऱ्याचा. दुसऱ्या सकाळी पाच होते. सासरा दिसत नव्हता, आणि बाई त्याच्याविषयी काही बोलत नव्हती. तिसऱ्या सकाळी चार होते. आता नवराही नव्हता. बाई हवापाण्याचे बोलत राहिली.

आम्ही केव्हाही विचारू शकलो असतो. कुऱ्हाड होती, मंत्र होते. दुसऱ्या कुठल्याही टेबलावरच्या खेळाडूंनी त्या बाईला भिंतीशी धरून जाब विचारला असता. आम्ही तिघांनी मात्र कॉफीची तारीफ केली. पाहुण्याने कप मोजायचे नसतात, आणि घरातले कुणी दिसत नसेल तर त्याची चौकशी करून यजमानाला अवघडवायचे नसते. आर्डिसचा सगळा भरवसा आमच्या या वळणावर होता की काय, कोण जाणे. माझ्या मानेवर काटा उभा राहिला होता आणि मी म्हणत होतो, "आज धुकं कालच्यापेक्षा बरं आहे."

"चौथी सकाळ," आर्डिस म्हणाली. "तीन कप. एक बाईचा. एक मर्लसमोर. एक चोरासमोर."

"आणि माझा?" लव्हॉनने विचारले.

आर्डिस बाईच्या आवाजात, अगदी अदबीने म्हणाली, "माफ करा हं. आपण कोण?"

हार्लन रोज सकाळी लव्हॉनला हेच विचारी, आणि याच अदबीने. हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. आर्डिसलाही होते. शब्द तोंडाबाहेर पडेपर्यंत ते तिच्या ध्यानात आले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून मला दिसले. ती गोष्टीच्या मागे मागे चालत इथवर आली होती आणि समोर काय आहे हे तिने पाहिलेच नव्हते.

लव्हॉनने हातातला फासा टेबलावर ठेवला. "वेगळंच होतं," ती म्हणाली. कोट घातला आणि गेली.

आमच्याकडे निघण्याला पाऊण तास लागतो. आधी टेबलाशी, मग दारात, मग अंगणात, मग गाडीच्या काचेतून. लव्हॉन एका मिनिटात गेली होती. दाराची कडी लागल्याचा आवाज येऊन गेला तरी मर्ल दाराकडेच पाहत होता.

"ती घाबरली का?" आर्डिसने विचारले.

"मी घाबरलो," मर्ल म्हणाला. "ती सरळ गेली."

"रागावली का?"

"काय सांगावं."

"अरे, कुणी तरी काही तरी सांगा!"

बुधवारी आर्डिसने बटाटे आणि खिमा थरांनी भाजून ते भांडे लव्हॉनच्या पायरीवर ठेवले, घंटी वाजवली आणि दार उघडायच्या आत परत आली. शुक्रवारी भांडे तिच्या पायरीवर आले, लखलखीत घासलेले. आत बीटाच्या लोणच्याची बरणी होती. तिने मर्लला आणि मला बोलावून घेतले, आणि आम्ही तिघे त्या बरणीभोवती बसलो.

"केक असता तर प्रश्नच नव्हता," मर्ल म्हणाला. "मिटलं असतं."

"आणि रिकामं आलं असतं तर?"

"तर तुला गाव सोडावं लागलं असतं."

"मग लोणचं म्हणजे काय?"

मर्लने बरणी उजेडात धरली. "यंदाचं आहे की गेल्या सालचं?"

"यंदाचं."

त्याने पुष्कळ विचार केला. "नाही बुवा. मला नाही सांगता येत."

त्या आठवड्यात कारखान्यात आर्डिसने एका चक्राला 'ठीक आहे' म्हटले. फोरमनने तिला खुर्ची आणून दिली आणि घरी सोडायला कुणी हवे का, असे विचारले.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी लव्हॉनला यायचे काही कारण नव्हते. तिचा शब्द संपला होता. तरी आर्डिसने चार खुर्च्या मांडल्या. धुक्यातल्या गावाची पाने तिने फाडली होती आणि त्यांच्या जागी नवी लिहिली होती. दोन वाजले. मर्लने कॉफी संपवली. सव्वादोनला पायरीवर बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज आला आणि लव्हॉन आत येऊन उभी राहिली. कोट काढला नाही. बसली नाही.

"ते गाव मी काढून टाकलंय, लव्हॉन," आर्डिस घाईघाईने म्हणाली. "आज ड्रॅगन आहे. मोठा. सोन्याच्या ढिगावर बसलेला."

"माझ्या वैदीणीला शेवटची जखम कधी झाली?"

"काय?"

"खेळाची वही काढ. कधी झाली ते सांग."

आर्डिसने वही उघडली. ती मागे मागे पाने उलटत गेली, आणि पुष्कळ पाने उलटावी लागली. "पंच्याऐंशी," ती म्हणाली. "ऑगस्ट."

"हार्लनला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं तो महिना." लव्हॉनने माझ्याकडे आणि मर्लकडे हात केला. "मर्लचा हात तुटला. याला दोनदा विष चढलं. मला दोन वर्षांत ओरखडा नाही. तुझ्या त्या पुठ्ठ्यामागे काय पडतंय ते मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? दुकानात गेलं की सगळे हळू बोलतात. चर्चमध्ये मला जड भांडं उचलू देत नाहीत. म्हटलं, इथे तरी कुणी एक फटका मारेल. तर इथेही कापसात गुंडाळलेली! मग यायचं कशाला?"

"मी मुद्दाम नाही केलं."

"मग कसं झालं?"

"मला नाही माहीत," आर्डिस म्हणाली, आणि ते खरे असावे. "फासा वाईट पडायचा, आणि माझ्या तोंडून दुसराच आकडा निघायचा."



"त्या दिवशी घरी गेले," लव्हॉन म्हणाली, "आणि ओट्याशी उभी राहून थरथरत होते. राग होता की काय होतं, अजून कळत नाही मला. मग हार्लन आला. आपण कोण, म्हणाला. रोज मी हसून सांगते, मी लव्हॉन. त्या दिवशी म्हटलं, तू असं विचारलंस की मला भीती वाटते. तर म्हणतो, मलाही वाटते." तिने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "अर्धा तास बसलो दोघं. बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण बसलो."

चुलीवरची कॉफी उकळून वर आली होती. कुणी उठले नाही.

"मला त्याच गावात परत जायचंय," लव्हॉन म्हणाली. "ड्रॅगन नको. पण आधी एक सांग. त्या बाईला शेवटी माझं नाव आठवतं का?"

"अगं, शेवट आधीच सांगितला तर मजा ती काय..." मर्लने सुरुवात केली.

"तू गप्प बस, मर्ल."

आर्डिसने हो म्हणावे, असे मला वाटत होते. मर्ललाही वाटत असणार, कारण तो तिच्याकडे पाहून हळूहळू मान डोलावत होता. गावातल्या दुसऱ्या कुणीही 'बघू' म्हटले असते, किंवा 'काय सांगावं', किंवा आणखी कॉफी हवी का असे विचारले असते. आर्डिसने ड्रॅगनची पाने उचलली, एकावर एक नीट लावली आणि टेबलावर पालथी घातली.

"नाही आठवत," ती म्हणाली आणि चौथी खुर्ची मागे ओढली. "बस."